सायत्राबाईचं गाव नदीत होतं

सायत्राबाई नदीच्या रेतीत चालता चालता मध्येच वाकायची. वर आभाळ, खाली रेती, आजूबाजूला एक झुडूप नाही, आणि ही बांबूसारखी उंच म्हातारी कंबरेतून वाकून, पदर सावरून चार पावलं तशीच जायची आणि मग सरळ व्हायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पाठीत उसण भरली असेल. शेजारी मल्ला उभा होता. त्याला विचारलं.

"कोतवालाची पडवी हाय तिथी," मल्ला म्हणाला. "लई खाली हाय. डोक्याले लागते."

मल्ला टिंगलखोर माणूस. बापाच्या तेराव्यालाही त्याने लोकांना हसवलं होतं म्हणतात. पण हे सांगताना तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेलो. लिहायची सवय नाही. पण सायत्राबाईची गोष्ट शेवटापर्यंत पाहिलेली माणसं दोनच, मी आणि माझी बायको शांता. शांता मागच्या उन्हाळ्यात गेली. आता मी गेलो की लोक त्या बाईबद्दल तोंडाला येईल ते सांगतील. आताच सांगतात. कोणी म्हणतं चेटूक करायची, कोणी म्हणतं वेडी होती. दोन्ही खोटं. ती आमची शेजारीण होती, तंबाखू मागायला यायची आणि चुना आमचाच वापरायची.

मी मूळचा राजुऱ्याकडला. ऐंशी सालच्या सुमारास लाकडाच्या डेपोत ओंडके उचलायच्या कामाला अहेरीला आलो. पावसाळ्यात डेपो बंद पडायचा, हाताला काम नसायचं. शांता म्हणाली, नदीकाठच्या गावात राहू, तिथले लोक रेतीत डांगर-टरबूज लावतात, आपणही लावू. म्हणून आम्ही अहेरीच्या खाली प्राणहितेच्या काठावरच्या एका लहान गावात झोपडी टाकली. गाव उंच टेकाडावर. खाली उतरलं की नदी.

नदी म्हणजे तरी काय, वर्षातले आठ महिने रेतीच. आमच्या राजुऱ्याकडून वर्धा नदी येते, कापसाच्या काळ्या, उघड्या, तापलेल्या मुलखातून, जिथे ढोराला उभं राहायला सावली सापडत नाही. दुसरीकडून वैनगंगा येते धानाच्या मुलखातून. दोघी भेटतात आणि पुढे त्यांचं नाव प्राणहिता. पावसाळ्यात समुद्रच. दिवाळीनंतर पाणी पलीकडच्या आंध्राच्या काठाला एखाद्या चिंधीसारखं चिकटून राहायचं आणि इकडे आमच्या पायाशी पांढरी रेती, नजर पुरणार नाही एवढी. दुपारी त्या रेतीवरून हवा हलताना दिसायची. आवाज म्हणाल तर नाही. पाखरूसुद्धा ती रेती गप्प ओलांडायचं.

त्या रेतीखाली जुनं गाव होतं.

सायत्राबाई तरणी होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा गाव खाली, काठाला लागून होतं आणि नदी पलीकडून वाहायची. एका पुरात नदीने इकडची दरड खाल्ली, गाव खाल्लं आणि गावाच्या जागेवरूनच वाहू लागली. वाचलेले लोक टेकाडावर आले. पुढे काही वर्षांनी नदी कंटाळल्यासारखी पुन्हा पलीकडे सरकली. गावाच्या जागी रेती उरली, तीच आता डांगरवाडीची जमीन.

ती जमीन वाटायची कशी? दर पावसाळ्यात पूर सगळ्या खुणा पुसून टाकतो. दुसऱ्या गावात यावरून डोकी फुटायची. आमच्या गावात ते काम सायत्राबाईकडे. पाणी उतरलं की एका सकाळी सगळे खाली जमायचे. ती राखेची टोपली घेऊन पुढे चालायची. पलीकडच्या काठावरची दोन ताडाची झाडं आणि मागचा डोंगर यांच्याकडे फूल पडलेला एक डोळा मिटून बघायची आणि मग रेतीवर राखेच्या रेघा ओढायची. "ही पोचाच्या आज्याची भिंत. हे पाटलाचं आंगन. इथी कलाराची दारूची भट्टी, इथी दोन घरं एकाच भिंतीची." ज्याच्या आज्याचं घर जिथे, त्याची डांगरवाडी तिथे. भांडण नाही, तंटा नाही. पाटलाच्या घरासमोर आली की डोक्यावर पदर घ्यायची. कोणाच्या उंबऱ्यावर पाय द्यायची नाही. आणि खाली असली की हळू बोलायची.

"इथी कोण आयकते बाई?" मी एकदा म्हटलं.

"शेजारी आयकतात," ती म्हणाली. "तुह्या डेपोत ओरडजो. हे वस्ती हाय."

मी आणि शांता नवे. आमच्या आज्याचं घर त्या रेतीत कुठून असणार? पहिल्या वर्षी सगळ्यांना जागा मिळाली, आम्ही टोपल्या घेऊन उभेच. लोक आमच्याकडे बघून राहिले. सायत्राबाईने तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"डेपोवाल्याले रस्ता द्या," ती म्हणाली.

म्हणजे जुन्या गावातली गल्ली. बैलगाडी जाईल एवढी रुंद आणि लांबच लांब. दोन्हीकडे लोकांच्या चौकोनी वाड्या आणि मध्ये आमचा हा पट्टा, पायजम्याच्या नाडीसारखा.

"नव्या मानसाले रस्ताच भेटते," मल्ला म्हणाला. "भाऊ, टरबूज लावून राह्यला का टोलनाका?"

लोक हसले. शांताही हसली. पण जागा मिळाली होती. आम्ही खड्डे घेतले, शेणखत भरलं, बी टाकलं. वेल चांगले फुटले. फक्त एक गोष्ट झाली. वेल दोन्ही कडांनी पसरले, मध्ये आले नाहीत. मधोमध एक कोरी पट्टी राहिली, माणूस चालेल एवढी. वेलीचं टोक मी हाताने उचलून मध्ये ठेवायचो. सकाळी ते पुन्हा कडेला वळलेलं असायचं. शांता म्हणाली, वाऱ्याने होत असेल. आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत मानायचं नाही हे मला शाळेच्या आधी घरात शिकवलं होतं, आणि शांता तर माझ्यापेक्षा कडक. एखाद्या सासुरवाशिणीच्या अंगात आलं तर ती तिला ताक पाजून कामाला लावायची. तेव्हा वाराच असेल. पण दुसऱ्या वर्षापासून आम्ही मध्ये बी टाकलं नाही.

वाटणीत एक चौकोन दरवर्षी सुटायचा. सायत्राबाई त्याच्या चारी बाजूंनी राख ओढायची आणि तो कोणालाच द्यायची नाही. आमच्या गल्लीच्या शेवटी होता. रोज संध्याकाळी, उन्हं उतरायच्या आधी, ती खाली यायची, आमच्या वेलींच्या मधून त्या कोऱ्या पट्टीवरून चालत जायची, आणि चौकोनाच्या एका बाजूला चपला काढून उभी राहायची. काही तरी बोलायची. ऐकल्यासारखं थांबायची. मग परत. चौकोनात तिने कधी पाय टाकला नाही.

शांताची आणि तिची गट्टी जमली ती पाण्यामुळे. पावसाळ्यात दोघी टेकाडावर बसून पूर बघायच्या. सायत्राबाई पाणी ओळखायची. काळं पाणी आलं, त्यात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या वाहत आल्या, की म्हणायची, "राजुऱ्याचे, पाह्य, तुह्या माहेरचं पानी आलं." लाल पाणी आणि धानाचं तणस आलं की वैनगंगा. मग शांता उगाच नदीकडे बघत बसायची. माहेरी तिचं कोणी उरलं नव्हतं, पण काळं पाणी आलं की तिला बरं वाटायचं. सायत्राबाई जुन्या गोष्टी सांगायची. पूर्वी आलापल्लीच्या जंगलातलं सागवान याच नदीतून खाली गोदावरीपर्यंत कसं जायचं, ओंडके बांधून त्यावर माणसं कशी महिनामहिना राहायची, चूलही त्यावरच. तिचा नवरा त्या कामाला होता. मोठा पूर आला तेव्हा तो ओंडक्यांवरच होता. परत आला नाही.

त्या चौकोनाचं तिने शांताला निंदण करताना सांगितलं. मी पलीकडे झिऱ्यातून, म्हणजे रेतीत खणलेल्या खड्ड्यातून, पाणी काढत होतो. दोघींना वाटलं मला ऐकू येत नाही.

पुराच्या दिवशी पाणी दुपारी चढू लागलं. शेळ्या खालच्या अंगाला बांधलेल्या. घरात चार-पाच वर्षांची पोरगी, यंकी. सायत्राबाईने तिला सांगितलं, "आतून कडी लाव. मी दारात येऊन हाक मारल्याबिगर कोनाले उघडू नको." आणि शेळ्या सोडायला गेली. मागे वळली तर गल्लीत पाणी. लोकांनी तिला धरून टेकाडावर ओढलं.

"मी हाक मारली," सायत्राबाई म्हणत होती. "नाई मारली असं नाई. वरतून मारली, लई मारली. पन दारात जाऊन नाई मारली. तिले मी दारात म्हनलं होतं."

"बाई, आता रोज दारात जाता ना तुमी," शांता म्हणाली.

"जातो."

"मंग?"

"रुसली हाय," सायत्राबाई म्हणाली आणि खुरपं चालवू लागली. "उशीर केला ना मी."

संध्याकाळी घरी शांता चूल पेटवायला बसली. मी म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. शांता म्हणाली, "डोकं फिरलेल्या बाईनं गावाची जमीन वाटली असती का बिनाभांडनाची?"

सिरोंच्याला सायत्राबाईची भाची होती, भावाची पोरगी. चांगल्या घरातली. दरवर्षी न्यायला यायची. "आत्या, एकटी काऊन मरून राह्यली इथी? चाल ना." ही तिला जेवू घालायची, लुगड्याची घडी हातात द्यायची आणि फाट्यापर्यंत पोचवून यायची. "पोरगी घरात हाय. मी कशी येऊ?" एवढंच. भाची पदराने डोळे पुसत बसमध्ये चढायची. सायत्राबाईची एकच गोष्ट अडलेली होती, ते दार. ते उघडल्याशिवाय ती कुठे जाणार नव्हती, मेली तरी नाही, असं गावातले सगळे धरून चालायचे.

मल्लाला त्या चौकोनाचा मोह झाला. त्याची वाडी चौकोनाला लागून. एका वर्षी त्याला पाणी कमी पडलं. त्याने विचार केला, बाई तर आत जात नाही, तिला काय कळतंय, एक झिरा तिथे खणू. भर सकाळी कुदळ घेऊन आत गेला. आम्ही बघत होतो. शांता म्हणाली, "मल्लाभाऊ, नका." तो म्हणाला, "भाडं देईन म्हनाव." कमरेइतका खड्डा झाला. मग कुदळीचा आवाज बदलला. रेतीत कुदळ खस्सकन् जाते. हा आवाज ठक् असा आला. मल्ला थांबला. पुन्हा एकदा मारली, हळू. ठक्. लाकडावर पडल्यासारखी.

तो खड्ड्यात वाकून उभा राहिला. मान एका बाजूला केली, जशी आपण दाराशी करतो. मग बाहेर आला आणि हातांनी, कुदळ तिथेच टाकून, रेती आत ढकलू लागला. सगळा खड्डा बुजवला. आमच्याकडे न बघता टेकाड चढून गेला. काय ऐकलं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो रडायला लागला, तेव्हा सोडून दिलं.

पुरात झाडं वाहून येतात, रेतीखाली अडकतात. तसलाच ओंडका असेल. मी डेपोतला माणूस, असे ओंडके मी पाहिलेत.

संध्याकाळी सायत्राबाई खाली आली. बुजवलेली जागा तिने लांबूनच पाहिली. चिडली नाही. मल्लाच्या घराकडे तोंड करून, हळू आवाजात, शेजाऱ्याला समजावून सांगावं तशी म्हणाली, "ठोकून काय फायदा, मल्ला? तिले मी सांगून ठेवलं हाय. दुसऱ्याले उघडनार नाई ते."

त्यानंतर चार-पाच वर्षांनी दुसरा मोठा पूर आला. जुन्या लोकांनी त्याची तुलना सायत्राबाईच्या पुराशीच केली. ती तीन दिवस टेकाडाच्या कडेला बसून होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि घरोघर गेली. "काळं आन लाल एकत्र येऊन राह्यलं. दोघी संगंच निघाल्या. सामान काढा." लोकांनी ऐकलं. आम्ही जंगलाच्या बाजूला उंचावर मोहाच्या झाडाखाली राहिलो. पाणी गावाच्या पहिल्या झोपड्यांना लागलं आणि तिथून परत फिरलं. माणूस एकही गेला नाही.

पाणी उतरलं तेव्हा नदी बदललेली होती. पलीकडची चिंधी आता इकडे आली होती. ताडाची दोन्ही झाडं नव्हती. आणि जिथे आमची गल्ली, पाटलाचं अंगण, कलाराची भट्टी, तो चौकोन, तिथे डोह. काळा, गप्प, भोवरासुद्धा नाही. पोरांनी बांबू टाकून पाहिला, तळ लागला नाही.

त्या वर्षी वाटणी झाली नाही. थोडी रेती वरच्या अंगाला होती, तिथे ज्याला जमेल तसं त्याने धरलं. पहिल्याच आठवड्यात मारामारी झाली.

सायत्राबाई रोज संध्याकाळी काठापर्यंत यायची आणि पाण्याशी थांबायची. पुढे रस्ता नाही. उभी राहायची, परत जायची. तिचं खाणं सुटलं. हाडं दिसायला लागली. शांता भात घेऊन जायची तर म्हणायची, ठेव, खातो, आणि सकाळी तो तसाच. सगळ्यांना दिसत होतं, हा उन्हाळा ती काढत नाही. भाचीला निरोप गेला. ती आली, रडली, आणि दोन दिवस राहून एकटीच परत गेली.

मग एके सकाळी सायत्राबाई आमच्या दारात. डोळ्यात वेगळंच पाणी. तंबाखू मागितली नाही.

"डेपोवाल्या, तुह्यापाशी डोंगा हाय?"

डोंगा मल्लाचा होता, एकाच लाकडात कोरलेली होडी. पावसाळ्यात माणसं पार करायला तो मी चालवायचो.

"मले घरी ने."

मी शांताकडे पाहिलं. म्हटलं, "बाई, तिथी आता घर कुठी हाय? डोह हाय."

"तेच तं," ती म्हणाली. "इतके सालं मी कोरड्यानं गेली. चपला घालून गेली. म्हनून ते उघडत नव्हती. त्या रोजी मी पान्याले भेली आन वरत थांबली. आता पानी हाय. आता पान्यातून जातो."

ती बाहेर गेल्यावर मी शांताला स्पष्ट सांगितलं, मी नेणार नाही. म्हातारी मधोमध उडी टाकेल आणि गाव मला धरेल. शांता म्हणाली, "मी बसतो तिच्यापाशी. मी धरतो तिले. तुमी फकस्त डोंगा चालवा." तिला कोणी नाही म्हटलेलं चालायचं नाही आणि मलाही ते जमायचं नाही.

दुपारचं रखरखीत ऊन. डोहावर वारा नाही. मी मागे वल्हं घेऊन, मधल्या फळीवर शांता, तिच्या पुढ्यात सायत्राबाई. शांताने तिच्या लुगड्याचं टोक हाताला गुंडाळलं होतं. काठ सोडला आणि मी सरळ निघालो.

"आरे, पाटलाच्या भिंतीवरून कुठी नेतं?" सायत्राबाई म्हणाली. "वळसा घे."

मी वळसा घेतला. उघड्या पाण्यात, जिथे काडी नाही, तिथे मी डावीकडे गेलो, मग सरळ, मग उजवीकडे. ती सांगत होती आणि मी वळवत होतो. कोतवालाच्या पडवीपाशी ती वाकली. मी पाहिलं, शांताही वाकली. मग माझीही मान खाली गेली. कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं. पुढे ती म्हणाली, "आता सरळ सरळ जा. हा तुहाच रस्ता हाय," आणि मला खरंच ओळखीचं वाटलं, तेवढंच रुंद, तेवढंच लांब. पाणी इतकं काळं होतं की आमची तोंडंही त्यात दिसत नव्हती.

"थांब."

मी वल्हं उलटं धरून डोंगा थांबवला. सायत्राबाईने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. शांताची पकड घट्ट झालेली मला दिसली, मनगटाची शीर वर आली होती. पण सायत्राबाई उठली नाही. तिने बोटं मिटली आणि डोंग्याच्या लाकडावर, बाहेरच्या अंगाने, पाण्याला लागून, ठोकलं. मग आपण घरी आल्यावर बोलतो तशा साध्या आवाजात म्हणाली,

"यंके. मी आली. काढ कडी."

काही नाही. ऊन, पाणी, आम्ही तिघं. मी मनात म्हटलं, चला, झालं, आता परत नेऊ. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात गेला.

"पानी हाय बाहेर, भिऊ नको," सायत्राबाई म्हणाली. "मी हाय."

तेव्हा डोंगा कलला. तिच्या बाजूला, जरासा. मी इतकी वर्षं डोंग्यात माणसं चढवलीत आणि उतरवलीत. माणूस जड असलं की डोंगा धसकन् बसतो. लहान पोर चढलं की असा कलतो, आणि मग पुन्हा सावरतो. सायत्राबाई हलली नव्हती. शांता हलली नव्हती. मी नाही. डोंगा कलला आणि सावरला, आणि बाहेरचं पाणी डोंग्याच्या कडेला आधीपेक्षा बोटभर वर आलं होतं.

शांताने हाताला गुंडाळलेलं लुगडं सोडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. ती मधल्या फळीवर मागे सरकली आणि आपल्या आणि सायत्राबाईच्या मध्ये जागा केली.

परत येताना मला वळसे कोणी सांगितले नाहीत, तरी मी घेतले. काठाला लागल्यावर मी सायत्राबाईला हात दिला. ती उतरली, मग वळली आणि वाकली. शांता मला म्हणाली, "डोंगा घट्ट धरा जरा," आणि मी धरला.

घरी येऊन मी शांताला विचारायला हवं होतं, तू जागा कशाला केली. विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पुढे इतकी वर्षं एका छपराखाली काढली, भांडलो, दुखणीबाणी केली, पण तो एक विषय काढला नाही. आता रात्री जाग आली की तिच्या जागेकडे तोंड करून विचारतो. ते जाऊ द्या.

त्या संध्याकाळी सायत्राबाई पोटभर जेवली. म्हणाली, "सकाळी सिरोंच्याले जातो. इथी आता काय काम?" शांता पहाटे उठून भाकरी थापायला बसली. मी बघत होतो. मोठ्या झाल्या, मग एक लहान, तळहाताएवढी. सगळ्या एकाच फडक्यात बांधल्या.

आम्ही दोघं फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. एरवी सायत्राबाई लांब ढांगा टाकणारी, तिच्याबरोबर चालताना मला धाप लागायची. त्या दिवशी ती हळू चालली. उजवा हात जरा खाली, बाजूला, अर्धवट मिटलेला. मध्येच थांबायची. एकदा रात्रीच्या वळवाने रस्त्यावर आलेल्या लाल किड्यापाशी थांबली, खाली बघून म्हणाली, "मखमली हाय ते. हात नको लावू." मग पुढे. मल्ला समोरून बैल घेऊन येत होता. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, आणि बैल रस्त्याच्या खाली उतरवून उभा राहिला, आम्ही जाईपर्यंत.

सिरोंच्याची बस भरून आली. बाजाराचा दिवस होता. लोक दांड्याला धरून उभे, कोंबड्या, पोती. सायत्राबाईने फडकं काखेत मारलं आणि पायरीवर चढली. चढून मागे फिरली. वाकली आणि दोन्ही हात खाली करून, काखेत धरून उचलतात तसं, उचललं. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. जवान पोरगा. तो ओरडणार असं मला वाटलं. तो थांबला. ती आत सरकून बसल्यावर त्याने दोरी ओढली.

दोघांनी उठून तिला दोन माणसांची सीट दिली होती. ती कडेला बसली. तिच्या पलीकडे, खिडकीपाशी, जागा रिकामी होती. बस ठेचून भरलेली, माणसं एकमेकांच्या अंगावर, एक बाई तर पोर कडेवर घेऊन तिथेच उभी होती. पण त्या जागेवर कोणी बसलं नाही. बसावं असं कोणाला वाटलंही नाही, निदान तोंडावरून तरी नाही. सायत्राबाई त्या खिडकीकडे तोंड करून काहीतरी दाखवत होती, बोटाने, नदीच्या बाजूला.

बस हलली. शांताने हात वर केला आणि बोटं मिटून उघडून हलवली, लहान पोराला करतात तसा. ती सायत्राबाईकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती.

मग मीही केला.